भुंगा न लागणारा बांबू: तोडणी, भिजवण आणि वाळवणीचा क्रम

नोव्हेंबरात तोडलेली काठी एप्रिलमध्ये उचलली की पिठासारखा पिवळट भुसा गळतो, आणि सालीवर टाचणीने टोचावे तशी भोके दिसतात. मालक सांगतो, ‘औषधात भिजवला होता की.’ तो खोटे बोलत नसतो. बहुतेक वेळा औषध बरोबर असते, क्रम चुकलेला असतो. काठ्या महिनाभर अंगणात वाळल्या, मग टाकी बांधली, मग त्या भिजवल्या. ओल्या बांबूत औषध आतल्या पाण्यातून हळूहळू पसरत जाते. वाळलेल्या बांबूच्या नळ्यांत हवा भरलेली आणि चीक सुकलेला असतो, त्यामुळे औषध टोकाला वीतभर शिरून थांबते.

दुसरी गोष्ट सालीची. बांबूच्या सालीत वाळूचा अंश आणि वर मेणाचा थर असतो, म्हणून बाहेरून चोपडलेले काहीही आत जात नाही. काळे ऑइल, डिझेल, डांबर सगळे वरच राहते. औषध आत शिरते ते कापलेल्या टोकांतून आणि पोकळीच्या आतल्या बाजूने. खालचे बरेचसे काम या दोन गोष्टींसाठीच आहे.

मापे कोकणातला माणगा आणि कळक यांच्यासाठी दिली आहेत. विदर्भातला मानवेल भरीव निघाला तर त्याला माणग्याचा हिशेब लावा. वेताला यातले काहीच लागू करू नका. त्याची प्रक्रिया वेगळी आहे.

१. टाकी आधी, कोयता नंतर

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मजूर मिळाले म्हणून तोड सुरू होते आणि औषध अजून दुकानातच असते. काठी तोडल्यापासून ती टाकीत बुडेपर्यंत दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जाऊ नयेत. म्हणून टाकी, औषध, गाठींतले पडदे फोडायची सळई आणि वाळवणीची सावली हे चारही तयार असल्याशिवाय बेटाला हात लावू नका.

वर्षाचे गणित असे: ऑक्टोबरात टाकी आणि औषध, नोव्हेंबर ते जानेवारी तोड आणि भिजवण, फेब्रुवारी ते एप्रिल वाळवण, मेमध्ये माल छपराखाली. फेब्रुवारीच्या शेवटी तोडलेली अख्खी काठी कोकणात मिरगाआधी नीट वाळेल याची खात्री धरू नका. अर्धवट वाळलेल्या काठीला पावसाळी हवेत बुरशी येते.

टाकीचे माप काठीवरून ठरवा. २० फुटी (६ मीटर) काठ्यांसाठी आतून ६.५ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल टाकी पुरे. विटांची बांधली तर उत्तम. नाहीतर खड्डा खणून त्यात शेततळ्याचा जाड कागद अंथरा, पण त्याखाली चाळलेली माती घाला. एका टोकदार खड्याने कागद फाटला तर रातोरात शेकडो लिटर औषध जमिनीत जाते.

टाकीभोवती कुंपण घालाच. गुरे हे पाणी प्यायला येतात, आणि लहान मुलांना टाकी म्हणजे खेळ वाटतो.

२. काठीचे वय ओळखा

बांबूचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची आणि पूर्ण जाडी गाठतो. पुढे तो वाढत नाही, फक्त पिकतो. म्हणून जाडी बघून वय ठरवणे हा शुद्ध अंदाजपंचे कारभार आहे. बेटातली सगळ्यात जाड काठी अनेकदा सगळ्यात कोवळी असते.

पहिल्या वर्षाची काठी हिरवीगार असते, तिच्यावर पांढरट भुकटी असते आणि गाठींना कोंबाची टरफले चिकटलेली असतात. दुसऱ्या वर्षी टरफले गळतात, फांद्या भरतात. तिसऱ्या वर्षापासून रंग मळकट होतो, सालीवर दगडफुलासारखे राखी ठिपके येतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकले तर टणक आवाज येतो.

तरीही डोळ्यांवर विसंबू नका. दर नोव्हेंबरात त्या वर्षीच्या नव्या काठ्यांना छातीच्या उंचीवर ऑइल पेंटचा एक पट्टा मारा: यंदा पांढरा, पुढच्या वर्षी लाल, त्यानंतर पिवळा. तीन वर्षांनी पुन्हा पांढरा पट्टा मारायची वेळ येईल, तेव्हा जुन्या पांढऱ्या पट्ट्याच्या काठ्या तोडीला आलेल्या असतील. एका डब्याच्या खर्चात वयाचा वाद कायमचा मिटतो.

बांधकाम, फर्निचर, मांडव आणि शेतीच्या आधारासाठी तीन वर्षांपुढचीच काठी घ्या. बुरूडकामाचे गणित वेगळे. टोपली-सुपाच्या कामट्यांना लवचीक, वर्ष-दीड वर्षाची काठी लागते. तिच्यात साखर आणि पिष्ट जास्त असते, त्यामुळे भुंगाही लवकर लागतो.

तपासणी: ताज्या कापावर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. काप निळा-काळा झाला तर पिष्ट भरपूर आहे. भुंगा खातो ते हेच. एकाच बेटातली कोवळी आणि पिकलेली काठी शेजारी ठेवून हे एकदा करून पाहा.

३. तोडणी

जून ते सप्टेंबर तोड बंद. त्या काळात कोंब वर येत असतात आणि पायाखाली एक मोडला की पुढची एक काठी गेली. मार्च ते मे सुद्धा टाळा, कारण पुढच्या कोंबांसाठी झाडाने काठीत पिष्ट साठवलेले असते.

अमावास्येच्या आसपास तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, असे गावोगाव सांगतात. तिथी पाळायची तर जरूर पाळा. पण तिथी पाळली म्हणून भिजवण टाळू नका.

तोडीचे नियम थोडेच, पण मोडले की बेट बसते:

- जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर कापा. गाठीच्या वर चार बोटे नळी शिल्लक राहिली तर तिच्यात पाणी साचते, बुडखा कुजतो आणि डासही होतात.
- कोयत्याच्या घावाने काठी चिरते. बुडाशी करवत वापरा, कोयता फांद्यांना.
- नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेने येतात आणि पिकलेल्या काठ्या मध्यभागी अडकतात. सोपे म्हणून कडेच्या काठ्या तोडू नका. एका बाजूने वाट करून आत शिरा आणि मधल्या काठ्या काढा. वरून पाहिले तर बेट घोड्याच्या नालेसारखे दिसले पाहिजे.
- यंदा जितके नवे कोंब काठी झाले, त्यापेक्षा जास्त काठ्या तोडू नका. पिकलेल्या काठ्याही सगळ्या काढू नका, आधाराला काही ठेवा.

फांद्या काठीला लागून छाटा, पण साल सोलू नका. काठी फरफटत नेऊ नका. सालीला चर पडला की वाळताना तिथेच चीर जाते.

परवान्याबद्दल: भारतीय वन अधिनियमात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येत येत नाही. तुमच्या खासगी, बिगर-वन जमिनीतल्या बांबूला तोडीचा आणि वाहतुकीचा वन परवाना लागत नाही. वाहतुकीत सातबारा जवळ ठेवा, रस्त्यावरचा वाद वाचतो. वनहक्क मिळालेल्या जंगलातला बांबू असेल तर ग्रामसभेचा वाहतूक पास लागतो.

४. पडदे फोडणे

हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते अर्धवट होते. प्रत्येक गाठीला आत एक पडदा असतो. तो फुटला नाही तर त्या कांड्यात हवा अडकते, काठी तरंगते आणि औषध आतल्या बाजूला पोहोचतच नाही.

१० ते १२ मिलिमीटर जाडीची, साडेतीन मीटर लांबीची लोखंडी सळई घ्या आणि एक टोक छिन्नीसारखे करा. काठी आडवी ठेवून बुडाकडून अर्धी, शेंड्याकडून अर्धी फोडा. सळईवर सरळ ठोके द्या. ती तिरपी गेली तर आतून भिंत फाटते आणि ही चीर वाळल्यावरच दिसते. सगळे पडदे फुटले की एका टोकाने डोळा लावून पाहा: पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. शेंड्याकडची वाकडी काठी असेल तर पाणी ओतून पाहा.

माणग्याचा बुडाकडचा भाग जवळजवळ भरीव असतो, तिथे सळई जात नाही. जिथे थोडीफार पोकळी आहे त्या प्रत्येक कांड्यात गाठीजवळ ३-४ मिलिमीटरचे एक भोक आतपर्यंत पाडा. भोके एका रेषेत ठेवू नका. एक या अंगाला, पुढचे त्या अंगाला. एका रेषेत पाडली तर चीर त्या भोकांवरूनच धावत जाते. पूर्ण भरीव तुकड्याला भोके पाडून उपयोग नाही, त्याला दिवस जास्त द्या.

५. औषध तयार करणे

दोनच वस्तू: बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. प्रमाण वजनाने २ ला ३. दर १०० लिटर पाण्याला २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो बोरॅक्स घेतले की साधारण पाच टक्क्यांचे औषध होते.

वरच्या टाकीचा हिशेब करू. ५० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरली तर तिच्यात १,९५० लिटर मावतात. सरासरी ४ सेंटिमीटर जाडीच्या १०० काठ्या त्यातली साधारण ७५० लिटर जागा घेतात. म्हणजे १,२०० लिटर औषध लागेल: २४ किलो बोरिक ॲसिड, ३६ किलो बोरॅक्स. पोकळ काठीत औषध आतही शिरते, त्यामुळे थोडे जास्त लागते. शंभर-दीडशे लिटर बाजूला तयार ठेवा.

बोरॅक्स घेताना पिशवीवर नीट वाचा. आपले प्रमाण डेकाहायड्रेटचे आहे. पेंटाहायड्रेट मिळाले तर ते दर किलोमागे सुमारे ७६५ ग्रॅमच लागते, म्हणजे ३६ किलोऐवजी साडेसत्तावीस किलो. हे न बघता जास्त घातले तर पैसे वाया जातात, आणि दोघांचे एकमेकांशी प्रमाण बिघडले तर विरघळणेही बिघडते.

थंड पाण्यात दोन्ही नीट विरघळत नाहीत. २०० लिटरच्या पिंपात १५० लिटर पाणी तापवा, हात बुडवता येणार नाही इतके. आधी ९ किलो बोरॅक्स घालून ढवळा, मग ६ किलो बोरिक ॲसिड. पाणी नितळ झाले की टाकीत ओता. असे चार घाणे झाले की ६०० लिटर साधे पाणी मिसळा. वजनकाटा वापरा. ‘दोन पाट्या’ हे माप नव्हे.

तपासणी: दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचा तळ हाताने चाचपा (हातमोजा घालून). पांढरी खर लागली तर औषध पूर्ण विरघळलेले नाही. तेवढे पाणी काढून पुन्हा तापवा.

इशारा: बोरिक ॲसिड दिसायला मीठ-पिठीसाखरेसारखे असते. स्वयंपाकघरात, धान्याच्या खोलीत ते ठेवू नका. मिसळताना तोंडाला फडके, हातात रबरी मोजे हवेत. गरोदर बाईला हे काम देऊ नका.

६. भिजवण

काठ्या टाकीत उतरवताना एक टोक आधी बुडवा आणि दुसरे हळूहळू खाली आणा, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. सगळ्या एकदम आडव्या ढकलल्या तर हवा अडकते. वर दगड किंवा सिमेंटचे ठोकळे ठेवून सगळ्यात वरची काठी औषधाखाली चार बोटे राहील असे दाबा. पहिल्या तासात बुडबुडे भरपूर येतात. दुसऱ्या दिवशीही एखादी काठी वर येऊ पाहत असेल तर तिचा पडदा राहिला आहे. ती काढून पुन्हा फोडा.

किती दिवस ठेवायचे? चिरलेल्या कामट्या ३ दिवस. पोकळ कळक ७ दिवस. माणगा आणि भरीव मानवेल १० ते १२ दिवस, थंडी जास्त असेल तर आणखी दोन. दिवस मोजायचे ते शेवटची काठी बुडाली तेव्हापासून. मधेच चार नव्या काठ्या सारून ‘सगळ्या एकदम काढू’ म्हणणाऱ्यांच्या त्या चारच काठ्या पुढे सगळ्या ढिगाला भुंगा पुरवतात.

टाकीवर झाकण किंवा ताडपत्री हवी. पानगळ पडून औषध आंबते, अवकाळी पावसाने ते पातळ होते.

एका घाण्यानंतर पातळी उतरलेली दिसेल. ती साध्या पाण्याने भरू नका. काठीने औषध घेतले आहे आणि बदल्यात आपले पाणी टाकीत सोडले आहे, म्हणजे उरलेले औषध आधीच फिके झाले आहे. साधा हायड्रोमीटर (पाणी किती जड झाले ते दाखवणारी तरंगती नळी) घ्या, ताज्या औषधाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि प्रत्येक घाण्याआधी त्याच सुमाराच्या तापमानाला पुन्हा मोजा. आकडा उतरला असेल तर २ ला ३ या प्रमाणात माल घालून वर आणा. एक मेख आहे: चार-पाच घाण्यांनंतर बांबूतला रस उतरून पाणी तसेही जड होते आणि हायड्रोमीटर फसवतो. औषध गडद तपकिरी झाले, फेस आणि वास येऊ लागला की गाळून घ्या, आणि तरीही वास राहिला तर नवे करा.

जुने औषध विहिरीकडे, ओढ्यात किंवा काजू-आंब्याच्या बागेत सोडू नका. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स दोन्हींत बोरॉन असतो; झाडाला तो ग्रॅमात लागतो, किलोत त्याने पाने करपतात. हंगामाच्या शेवटी उरलेले चांगले औषध झाकणाच्या पिंपात भरून पुढच्या वर्षाला ठेवा.

७. मुरवण आणि हळदीची परीक्षा

टाकीतून काढल्यावर काठ्या निथळू द्या आणि लगेच वाळत घालू नका. एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदात आठवडाभर गुंडाळून ठेवा. भिंतीच्या कडेला शिरलेले औषध या दिवसांत मधल्या भागापर्यंत पसरते. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माणग्यासारख्या जाड भिंतीच्या बांबूत तिचाच फरक पडतो.

प्रत्येक घाण्यातली एक काठी बळी द्या. टोकापासून निदान अर्धा मीटर आत, शक्यतो मधोमध कापा. टोकाचा काप नेहमीच पास होतो. काप वाळवून त्यावर हळदीचा अर्क लावा (१० ग्रॅम हळद ९० ग्रॅम अल्कोहोलमध्ये घोळवून गाळलेली). तो सुकला की दुसरे द्रावण लावा: २० मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड अल्कोहोलने १०० मिलिलिटर केलेले, त्यात विरघळेल तितके, साधारण १३ ग्रॅम, सॅलिसिलिक ॲसिड. जिथे बोरॉन पोहोचले तिथे लाल रंग येतो, नाही तिथे पिवळा राहतो. काप कडेला लाल आणि मध्ये पिवळा असेल तर घाणा आणखी चार दिवस टाकीत घाला.

दुसरे द्रावण टाळून नुसत्या हळदीवर भागवू नका. टाकणखार आणि चुन्याने हळदीचे कुंकू होते हे घरोघर ठाऊक आहे. कुठल्याही खाराने हळद लाल होते. ॲसिड घातल्यावर टिकून राहणारा लालच खरा. तीव्र ॲसिड घरी हाताळायचे नसेल तर काप जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशाळेत न्या. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गटाने काम सुरू करणार असाल तर तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा.

८. वाळवण

सावली आणि वारा. ऊन नाही. उन्हात साल आधी आकसते, आतला भाग ओला राहतो आणि काठी टचकन फुटते. आडव्या रचण्यापेक्षा उभ्या टेकवलेल्या काठ्या लवकर वाळतात. बुडखा फरशीवर किंवा फळीवर ठेवा, मातीवर नको. दर पंधरा दिवसांनी उलट्या करा. भरीव माणग्याला दोन ते तीन महिने धरा.

वाळली का हे रंगावरून ओळखू नका. चार काठ्यांवर खूण करून दर आठवड्याला वजन लिहा. लागोपाठ दोन आठवड्यांच्या वजनात शंभरात एकाहूनही कमी फरक राहिला की काठी वाळली.

९. ठेवण आणि वापर

वखारीत माल जमिनीपासून दीड फूट वर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. प्रक्रिया न केलेला बांबू त्याच छपराखाली आणू नका. प्रत्येक मोळीला तोडीचा महिना आणि घाण्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधा. तक्रार आली तर नेमका घाणा सापडतो.

बोरॉन पाण्याने धुऊन जातो, ही त्याची मर्यादा आधीच सांगून विका. छपराखालचे वासे, फर्निचर, पार्टिशन यांना तो उत्तम. जमिनीत गाडायच्या कुंपणखांबाला तो दोन पावसाळ्यांतच अपुरा पडतो. मंडपाचा खांब असेल तर काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करा आणि वळचण दोन-अडीच फूट पुढे काढा. बांधकामाच्या बांबूवर प्रक्रिया कशी करावी याचे भारतीय मानक आयएस ९०९६ आहे. सरकारी कामाला माल द्यायचा असेल तर ते मागवून वाचा.

भाकरीची टोपली, सूप, चाळण यांना हे औषध वापरू नका. त्यांच्या कामट्या अर्धा-पाऊण तास पाण्यात उकळा, कडक वाळवा आणि विणून झाल्यावर चुलीवरच्या धुरात टांगा. भुंगा पूर्ण थांबत नाही, पण उशिरा येतो.

औषधाला पैसेच नसतील तर वहाळाच्या वाहत्या पाण्यात महिना-दोन महिने बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यात पिष्ट आणि साखर धुतली जाते, भुंगा कमी लागतो. वाळवीला मात्र त्याने फरक पडत नाही. साचलेल्या डबक्यात हे करू नका, बांबू काळा पडतो आणि घाण वास जाता जात नाही.